परराज्यातून मुलं दत्तक घेताना: कागद, तिथले दिवस आणि कोकणात परत येईपर्यंतचं सगळं

आम्ही मालवण तालुक्यातले. दोन वर्षांपूर्वी ओडिशातनं दोन सख्खी भावंडं घरी आणली, थोरली तेव्हा सात वर्षांची होती आणि धाकटा चारचा. निघायच्या आधी मी महिनाभर माहिती शोधत होते, कायद्याची कलमं भरपूर सापडली पण तिथे जाऊन राहायचं कसं, मुलं असतात त्या संस्थेत रोज किती वाजता जायचं, मुलांशी कुठल्या भाषेत बोलायचं, काय खायला द्यायचं हे कोणीच नीट सांगत नव्हतं. शेवटचा फॉलोअप गेल्या महिन्यात झाला, सगळं अजून डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते, कोकणातून कोणी या वाटेने जाणार असेल तर त्याला उपयोग होईल.

१. रस्ता एकच आहे, तोच धरा

भारतात अनाथ, सोडून दिलेली किंवा आईवडिलांनी बाल कल्याण समितीकडे सुपूर्द केलेली मुलं दत्तक घ्यायची तर 'कारा' या केंद्राच्या प्राधिकरणाच्या पोर्टलवरच नोंदणी करावी लागते. पोर्टलचं नाव केअरिंग्ज. बाल न्याय कायदा २०१५ चा आणि सध्याची दत्तक नियमावली २०२२ ची. धर्म कुठलाही असो, या कायद्याखाली दत्तक घेता येतं. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा वेगळा, नात्यातलं मूल घेताना लोक तो वापरतात.

गावात तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल की अमक्या दवाखान्यात एक बाई आहे, बाळ मिळवून देते, एवढे पैसे द्या. आम्हाला दोघांनी सांगितलं, दोघंही आमच्या भल्यासाठीच सांगत होते. ऐकू नका. मुलाची खरेदी-विक्री म्हणजे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड, आणि त्याहून मोठं म्हणजे ते मूल कधीही तुमच्या हातून जाऊ शकतं.

कोण घेऊ शकतं ते थोडक्यात: लग्नाला दोन वर्षं झालेली जोडपी, एकटी बाई (मुलगा किंवा मुलगी), एकटा पुरुष (फक्त मुलगा). मुलाच्या आणि तुमच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं. दोघांच्या वयाची बेरीजही बघतात, दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ८५ आणि चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी १०० च्या आत. तान्ह्या बाळासाठी वर्षानुवर्षं नंबर लागत नाही. आम्ही फॉर्म भरतानाच भावंडं चालतील आणि मोठी मुलं चालतील असं लिहिलं होतं, राज्याचीही अट घातली नव्हती, म्हणून आमचा नंबर त्या मानाने लवकर लागला. पण लवकर नंबर लागतो म्हणून मोठं मूल मागू नका. सात वर्षांच्या मुलीला सगळं आठवत असतं, ते सगळं घेऊन ती तुमच्याकडे येते, याची तयारी असेल तरच ती खूण करा.

२. कागद, आणि आपल्याकडे ते कुठे अडतात

नोंदणी झाल्यापासून ३० दिवसांत कागद अपलोड करायचे असतात. आम्हाला लागलेले हे:

- दोघांचं पॅन, आधार, जन्मतारखेचा पुरावा
- लग्नाचा दाखला (घटस्फोट किंवा जोडीदाराचा मृत्यू असेल तर त्याचा कागद)
- राहण्याचा पुरावा
- उत्पन्नाचा पुरावा
- डॉक्टरचं सर्टिफिकेट, की गंभीर किंवा संसर्गजन्य आजार नाही
- कुटुंबाचा अलीकडचा फोटो
- ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं
- घरात आधीचं मूल असेल आणि ते समजत्या वयाचं असेल तर त्याचंही मत विचारतात

अडतं कुठे ते सांगते. पहिलं म्हणजे नाव. माझ्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच स्पेलिंग. हे सगळं नोंदणीच्या आधी सरळ करून घ्या, नंतर ३० दिवसांत होत नाही. दुसरं उत्पन्न. आंबा, काजू, थोडा होमस्टे असं मिळून ज्यांचं चालतं त्यांच्याकडे पगाराची स्लिप कुठून येणार, तर तहसीलदारांकडून उत्पन्नाचा दाखला काढा आणि शक्य असेल तर दोनेक वर्षं रिटर्न भरलेले ठेवा. तिसरं घर. सातबारा आजोबांच्या नावावर, घरपट्टी सासऱ्यांच्या, असं आपल्याकडे निम्म्या घरांत असतं. घर तुमच्या नावावर असायलाच हवं असं काही नाही, राहता कुठे एवढा पुरावा पुरतो, त्यामुळे त्या एका गोष्टीसाठी वाटणीचा विषय काढून घरात भांडणं लावून घेऊ नका.

३. होम स्टडी

सोशल वर्कर घरी येऊन अहवाल लिहितात, तो तीन वर्षं चालतो. फी ६ हजार रुपये, पावती मिळते. जवळ संस्था नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून होते, आमची जिल्ह्याच्या ठिकाणाहून, ओरोसहून झाली.

मी त्या दिवशी नवीन पडदे लावले होते. ताई आल्या त्यांनी पडद्यांकडे बघितलंही नाही, त्या सरळ मागच्या दारी गेल्या आणि विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. कठडा जेमतेम माझ्या गुडघ्याएवढा. म्हणाल्या, मूल किती वर्षांचं मागितलंय तुम्ही? त्या एका प्रश्नावर आम्ही पुढच्या आठवड्यात कठडा दोन फूट चढवला आणि वर लोखंडी जाळी बसवली. तुमच्याकडे विहीर असेल, नारळाखाली खेळायची जागा असेल, चूल असेल, कोयता ओटीवर टांगलेला असेल तर त्यांच्या आधी तुम्हीच एकदा फिरून बघा. बाकी प्रश्नांना खरं ते सांगा. सासूबाईंना विचारलं की तुम्हाला काय वाटतं, त्या म्हणाल्या मला आधी पटलं नव्हतं, आता पटलंय. मी घाबरले होते पण ताईंनी ते तसंच लिहून घेतलं आणि पुढे कुठेही अडलं नाही.

४. ते ४८ तास

नंबर आला की मुलांचे फोटो, त्यांच्याबद्दलचा माहिती अहवाल (चाइल्ड स्टडी रिपोर्ट) आणि वैद्यकीय अहवाल पोर्टलवर दिसतो, आणि ४८ तासांत 'राखून ठेवा' म्हणायचं की नाही ते ठरवावं लागतं. आमचा मेसेज जुलैत आला. लाईनवर फणसाची फांदी पडून दोन दिवस गावात लाईट नव्हती, घरात रेंजचा पत्ता नाही. नवरा छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, गेला होता म्हणून त्याला मेसेज दिसला, तोही सोळा तासांनी. तो तिथनं धावत खाली आला आणि दारातच चिखलात बसला, बोलताच येईना त्याला.

म्हणून पावसाळ्यात पॉवर बँक भरलेली ठेवा, शहरात राहणाऱ्या एका विश्वासू नातेवाईकाकडे लॉगिन देऊन ठेवा, आणि एका बालरोगतज्ज्ञाला आधीच सांगून ठेवा की असा असा अहवाल येईल, तो लगेच बघून द्याल का. आम्हाला कुडाळच्या डॉक्टरांनी रात्री साडेदहाला फोनवर वाचून समजावला. ओडिशा, छत्तीसगड, झारखंड या भागातलं मूल असेल तर सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी झाली आहे का ते मुद्दाम विचारा. असला म्हणून नाही म्हणा असं मी सांगत नाहीये, पण माहीत असलं पाहिजे.

राखून ठेवल्यावर ३० दिवसांच्या आत संस्थेत जाऊन, मुलांना भेटून, होकार द्यायचा असतो.

५. जाताना काय न्यायचं

सगळ्या कागदांच्या मूळ प्रती आणि दोन झेरॉक्स सेट, संस्थेची दत्तक समिती मूळ प्रती तपासते. पासपोर्ट साइज फोटो दहा-बारा. छोटी इलेक्ट्रिक शेगडी आणि एक पातेलं, हे फार कामाला आलं. मुलांच्या कपड्यांची माप विचारून घेतलेली जोडी, पण एकच, बाकी तिथे घ्या. एक वही आणि स्केचपेन. घरचा फोटो अल्बम, त्यात माणसांबरोबर गाय, कुत्रा, अंगण, शाळा, सगळं. धाकट्याने आमच्या कुत्र्याचा फोटो पहिल्याच दिवशी अल्बममधून काढून खिशात घातला.

प्रवासाचं म्हणाल तर आम्ही कुडाळहून रात्रीच्या कोकणकन्येने मुंबई आणि तिथून कोणार्क एक्सप्रेसने भुवनेश्वर, पुढे बस. कोणार्कला दीड दिवस लागतो. विमानाने मुंबई-भुवनेश्वर दोन-अडीच तास. जाताना काय ते तुमच्या खिशावर, येतानाचं खाली वेगळं लिहिलंय. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, जोडगाडीच्या मधे निदान पाच-सहा तास ठेवा.

६. तिथले दिवस

आम्ही बारा दिवस राहिलो. लॉज संस्थेपासून चालत दहा मिनिटांवर घेतला, जरा साधाच होता पण लांबचा चांगला घेण्यापेक्षा हे बरं, कारण दिवसातून दोनदा जायचं असतं आणि मधे रिकामा वेळ खूप असतो. त्या वेळात बाजार फिरा, मुलं काय खातात ते बघा, तिथल्या शाळेवरून चक्कर मारा, पुढे मूल कधीतरी त्या गावाबद्दल विचारणार आहे तेव्हा तुम्हाला सांगता यायला हवं.

पहिल्या दिवशी काय झालं ते सांगते. आम्हाला ऑफिसमधे बसवलं, दोघांना आणलं. धाकटा त्यांना सांभाळणाऱ्या संस्थेतल्या मावशींच्या मागे लपला. थोरली समोर येऊन उभी राहिली आणि आमच्याकडे न बघता आमच्या बॅगांकडे बघत होती. मी बॅग उघडून अल्बम दिला, तिने पानं उलटली, परत दिला. जवळ घ्यायला मी हात पुढे केला तशी ती मागे सरकली. मी तिथेच थांबले, हात मागे घेतला. हे लक्षात ठेवा, पहिल्या दिवशी मांडीवर घ्यायचं नाही, पापा घ्यायचा नाही, 'मी तुझी आई' असं म्हणायचं नाही. शेजारी बसायचं आणि चित्र काढायचं.

निघताना ती मावशींच्या मार्फत नाही, थेट मला म्हणाली, "काली आसिब?" मला वाटलं काल आलात का विचारते, मी मान हलवली, नाही नाही, आजच आलो. तिचा चेहरा एकदम बंद झाला. मावशींनी हिंदीत सांगितलं तेव्हा कळलं, ओडियात काली म्हणजे उद्यासुद्धा, ती विचारत होती उद्या येणार का. मी परत फिरून तिला वहीतल्या एका पानावर बारा चौकोन काढून दिले, पहिल्यावर फुली मारली आणि दुसऱ्यावर घड्याळ काढलं, दहा वाजताचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दहाला पाच मिनिटं असताना दारात होतो. ती आत पायरीवर बसलेली होती, हातात ते पान. रोज आम्ही आलो की ती स्वतः फुली मारायची. मला विचाराल तर बारा दिवसांत आम्ही जे काही केलं त्यात सांगितलेल्या वेळेला पोचणं हे सगळ्यात मोठं काम होतं. कपडे, खेळणी, खाऊ यांनी जे होत नाही ते त्याने झालं. एक दिवस बस बंद होत्या, पाऊस धो धो, रिक्षा मिळेना, आम्ही भिजत चालत गेलो. म्हणून सांगते, जमणार नसेल ती वेळ सांगूच नका, अकराला जमेल तर अकरा सांगा.

आता बारीकसारीक:

खाऊ न्यायचा तर सगळ्या मुलांना पुरेल एवढा, आणि आधी अधीक्षकांना विचारून. फक्त आपल्या दोघांना दिलात तर रात्री बाकीची मुलं त्यांना काय बोलतील याचा विचार करा.

फोटो काढायच्या आधी विचारा, आणि काढलेले कुठेही टाकू नका. अशा मुलांची ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे. घरच्या ग्रुपवरसुद्धा आम्ही दत्तकाची कायदेशीर ऑर्डर येईपर्यंत एकही फोटो टाकला नाही, आत्या रुसल्या, नंतर समजल्या.

पैसे फक्त नियमावलीत ठरलेले, संस्थेच्या खात्यात, पावती घेऊन. दत्तक देण्यासाठी कोणी देणगी मागू शकत नाही. मागितली तर देऊ नका, जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवा.

जेवताना बघत बसा. थोरली आधी धाकट्याचं ताट भरायची, तो जेवला की मग स्वतः, आणि शेवटची बिस्किटं फ्रॉकच्या खिशात. मी मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या इथे आल्यापासून असंच. घरी आणल्यावर तिच्या उशीखाली महिनाभर बिस्किटं सापडत होती. आम्ही काढली नाहीत, उलट एक झाकणाचा डबा दिला, मुंग्या लागू नयेत म्हणून.

पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घ्यावी लागते. समितीने तिला आमच्याशिवाय, तिच्या भाषेत विचारलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. मुलांनाही नाही म्हणायचा हक्क आहे हे मनाशी धरून जा, त्या बाकावर बसणं मग जरा सोपं जातं.

७. भाषा

घाबरू नका, ओडिया आणि मराठीत बरंच सारखं आहे. पाणी, भात, घर तेच. मावशीला माउसी. भुकेला भोक, झोपेला निद. जे शब्द वेगळे आणि पहिल्याच रात्री लागतात ते पाठ करा: परिस्रा म्हणजे लघवी, बिन्धुछि म्हणजे दुखतंय, डर म्हणजे भीती, कान्द ना म्हणजे रडू नको. मी मावशींकडून चाळीस शब्द वहीत लिहून घेतले आणि मावशींच्या आवाजात मोबाईलवर दोन अंगाई रेकॉर्ड करून आणल्या, ते रेकॉर्डिंग पुढचे तीन महिने रोज रात्री वाजलं.

८. मुलांबरोबर काय काय मागून घ्यायचं

लसीकरणाचं कार्ड, वैद्यकीय अहवालाची प्रत, कसली औषधं चालू आहेत त्याची चिठ्ठी, शाळेत जात असेल तर तिथला कागद, संस्थेत आल्यापासूनचे फोटो. आणि त्यांची एखादी वापरातली वस्तू, चादर, टॉवेल, काहीही. धुऊ नका ती लगेच. संस्थेतल्या मावशींचा नंबरही घ्या, संस्थेच्या परवानगीने.

होकारानंतर दहा दिवसांत दत्तकपूर्व संगोपनाच्या हमीपत्रावर सही करून मुलं तुमच्याकडे देतात. कायदेशीर ऑर्डर नंतर येते.

९. परतीचा प्रवास

हमीपत्र आणि संस्थेचं पत्र वरच्या खिशात ठेवा, बॅगेत तळाला नाही. मुलं ओडिया बोलतात, तुम्ही मराठी, मूल रडतंय, तर कोणीही थांबवून विचारेल आणि विचारायलाच हवं. आम्हाला टीसीने विचारलं, पत्र दाखवलं, त्याने धाकट्याला चॉकलेट दिलं.

पाच वर्षांखालच्याला तिकीट लागत नाही पण मग बर्थही मिळत नाही. तरी त्याचा बर्थ काढा, दीड दिवस आहे. धाकटा मात्र पूर्ण रात्र ताईच्या बर्थवरच झोपला.

मोठी चूक आमची झाली ती चतुर्थीची. आम्ही परतलो ते गणपतीच्या दहा दिवस आधी, मुंबईहून कोकणात यायला एकही कन्फर्म तिकीट नाही. शेवटी रात्रीच्या एसटीने आलो, घाटात दोघांना उलट्या. जुलै-ऑगस्टमधे बोलावणं आलं तर जातानाच परतीचं काय ते बघा, नाहीतर मुंबईत कोणाकडे दोन रात्री थांबून दिवसाच्या गाडीने या.

१०. घरी आल्यावर पहिला महिना

चाकरमानी येणार, घरात पंचवीस माणसं, प्रत्येकाला मुलं बघायची. आम्ही दिरांना फोन करून सांगितलं की यंदा मुलं मागच्या खोलीत राहतील, आरतीला वाटलं तर येतील. ते ऐकून घेणं सगळ्यांना जड गेलं पण ऐकलं. पहिले काही आठवडे भरवणं, अंघोळ, झोपवणं हे फक्त आईवडिलांनीच करायचं, मुलाला आपली माणसं कोण ते कळायला तेवढं लागतं.

खाणं एकदम बदलू नका. तिकडे मोहरीचं तेल, पाण्यातला भात म्हणजे पखाळ, भाज्या घातलेली डाळ म्हणजे दालमा. आपलं खोबरं आणि त्रिफळं त्यांना वेगळी लागतात. मी महिनाभर मोहरीचं तेल वापरलं. सासूबाईंनी पहिल्याच सकाळी उकड्या तांदळाची पेज केली, म्हणाल्या, "चेडवाक पेज वाढ गो आधी." थोरलीने वास घेतला आणि दोन वाट्या प्यायली. बांगड्याला दोघं तोंड लावेनात. मग एक दिवस सासूबाई सुकट भाजत होत्या तर धाकटा अंगणातून ओरडत आला, "सुखुआ! सुखुआ!" तिकडे सुक्या मासळीला सुखुआ म्हणतात. चुलीसमोर बसून त्याने नुसती सुकट खाल्ली.

लोक विचारतात, खरी आई कुठे, कुठल्या जातीची. मुलांच्या देखत विचारतात. एक वाक्य ठरवून ठेवा, सगळ्या घराने तेच म्हणायचं. आमचं वाक्य: "ही आमची मुलं, बाकी त्यांचं ती मोठी झाली की सांगतील."

११. ऑर्डर, दाखला, शाळा

बाल न्याय कायद्यात १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे आमची ऑर्डर संस्था ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून आली. नियमात दोन महिन्यांची मुदत आहे. आम्हाला एकदा परत जावं लागलं, त्या खर्चाची आणि रजेची सोय आधी करून ठेवा. ऑर्डरवरून जन्मदाखला निघतो, त्यावर आईवडील म्हणून तुमचंच नाव येतं, मग आधार. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सोशल वर्कर घरी येऊन अहवाल देतात, त्याला चौकशी समजू नका, थोरली झोपेत ओरडायची तेव्हा समुपदेशकाचा पत्ता आम्हाला त्या ताईंनीच दिला.

शाळेसाठी दाखल्याची वाट बघत थांबू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयाप्रमाणे वर्ग मिळतो. आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंनी पाटीवर एका बाजूला ओडिया अक्षर आणि एका बाजूला मराठी असं थोरलीकडूनच लिहून घेतलं, वर्गातली मुलं तिच्याकडून शिकली.

ऑर्डर हातात आली की तिथेच उभं राहून प्रत्येक अक्षर तपासा, नाव, जन्मतारीख, तुमचं आडनाव. चूक राहिली तर पुढे सगळीकडे तीच उतरते. आम्ही आडनाव आमचं लावलं, मुलांची पहिली नावं तीच ठेवली. थोरलीला विचारलं होतं, तुला दुसरं आवडतं का, गावातल्या मुलींसारखं. ती म्हणाली, मग माउसीचा फोन आला तर तिला कळणार कसं मीच बोलतेय.